ब्रोचचे वय कसे ओळखाल?

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) अनेक ब्रिटिश सैनिक आपल्या पलटणीचे चिन्ह असलेला ब्रोच आईला, पत्नीला किंवा प्रेयसीला देत. असा ब्रोच तुम्ही कसा पारखाल?

आधी चिन्ह पाहा. ‘रॉयल फ्लाइंग कोअर’ हे विमानदल १९१२ साली स्थापन झाले व १ एप्रिल १९१८ रोजी ‘रॉयल एअर फोर्स’मध्ये विलीन झाले. म्हणजे त्याचा ब्रोच बहुधा त्याच सहा वर्षांतला!

आता मागची बाजू भिंगातून पाहा. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी आणि वर्षाक्षर म्हणजे तपासणीचे साल.

चांदीवरचा काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. तो मात्र घासू नका. त्याबरोबर चांदीही झिजते, खुणा पुसतात आणि किंमत उतरते.