वडाचे सूत : दुरंगी जाळीदार शालीचे विणकाम

कार्यानुभवाच्या तासाला घेतलेले विणकाम परिसराशी व गणिताशी जोडले गेले, तरच ते शिक्षण होते. एरव्ही तो केवळ वेळ घालविण्याचा उद्योग ठरतो. पिंपळनेर, पळासनेर, उंबरखेड, निंभोरा अशी वृक्षांची नावे धारण करणारी गावे खानदेशात पुष्कळ आहेत. त्या वृक्षांच्या कथा मात्र आजीबरोबरच लोपण्याचा संभव आहे. म्हणून पुढील पाठ योजावा.

कल्पना : ज्येष्ठ पौर्णिमेस स्त्रिया वडास सूत गुंडाळतात. व्रतकथेत सत्यवान वडाखाली निश्चेष्ट पडतो आणि सावित्री यमाकडून त्याचे प्राण परत मिळविते. तपकिरी बुंध्यावरील पांढऱ्या सुताचे वेढे हेच आपल्या शालीचे चित्र होय. त्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर रूढ असलेला लाटांचा नमुना घेतला आहे.

साहित्य : तपकिरी व पांढरी लोकर आणि थोड्या जाड सुया. सुया जाड असल्या म्हणजे जाळी मोकळी पडते.

कृती : प्रत्येक मुलाने २४ टाक्यांची पट्टी विणावी. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके सदैव सुलट विणावेत. मधल्या १८ टाक्यांची कृती अशी :

पहिली ओळ – सर्व सुलट.
दुसरी ओळ – सर्व उलट.
तिसरी ओळ – दोन टाके एकत्र सुलट, असे तीन वेळा. नंतर सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन एक टाका सुलट, असे सहा वेळा. पुन्हा दोन टाके एकत्र, असे तीन वेळा.
चौथी ओळ – सर्व सुलट.

चार ओळी तपकिरी, मग चार ओळी पांढऱ्या, असा क्रम ठेवावा. चार ही समसंख्या असल्याने दोन्ही धागे एकाच कडेस राहतात व दर वेळी तोडावे लागत नाहीत. सर्वांच्या पट्ट्यांत वेढ्यांची संख्या सारखी ठेवावी. मग पाच-सहा पट्ट्या शिवून एक शाल होते.

गणित : तिसऱ्या ओळीत सहा टाके घटतात व सहा वाढतात. म्हणून मध्ये छिद्रे पडूनही बेरीज २४ च राहते. ओळ संपताच टाके मोजण्याची सवय लावावी. २३ भरल्यास कोठे तरी वेढा राहिला असे समजावे. तो शोधण्याचे काम मुलाकडेच सोपवावे, शिक्षकाने स्वतः दुरुस्त करून देऊ नये.

हे काम मुलींपुरते ठेवू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या वडील माणसांकडून एका वृक्षाची कथा ऐकून ती अहिराणीत वा लेवा बोलीत, जशी सांगितली तशीच, वहीत उतरावी. पूजेसाठी फांद्या तोडल्याने वडाची हानी होते, ही गोष्टही याच वेळी बोलावी. व्रतातले सूत उभ्या झाडासच बांधावयाचे असते. शाल पूर्ण झाल्यावर ती कथांच्या वह्यांसह पालकसभेत मांडावी.