नल्लकुंट्याची पहाट आणि दुकानातलं ‘परसों’

नांदेडहून येणाऱ्या गाडीतून काचीगुड्याला उतरलं की नल्लकुंटा फार लांब नाही. इथलं फीवर हॉस्पिटल जुनं आणि मोठं. पण आयआयटीचं वेड असलेल्या घरांत हा भाग दुसऱ्याच कारणासाठी माहीत होता: चुक्का रामय्या यांची शिकवणी. गणिताचे हे शिक्षक ‘आयआयटी रामय्या’ म्हणूनच ओळखले गेले, पुढे विधान परिषदेवरही गेले. आपल्या धर्माबादला लागून असलेल्या बासरला आयआयटी व्हावी, ही मागणीही त्यांनी लावून धरली होती. आयआयटी संगारेड्डीकडे कंदीला गेली, बासरला 2008 मध्ये ट्रिपल आयटी आली.

त्यांचे वर्ग पहाटे भरायचे. कारण साधं आहे. दिवसाच्या वेळेवर कॉलेजचा, घरच्यांचा, पाहुण्यांचा हक्क असतो. पहाटेवर कुणाचा नसतो. वेळेचं नियोजन म्हणजे मोठं वेळापत्रक नव्हे, असा कुणाचा हक्क नसलेला तास शोधणं. अडतीवर एकदा सौदे सुरू झाले की मालक आणि मुनीम दोघंही दुपारपर्यंत हाती लागत नाहीत. म्हणून शटर उघडायच्या आधीची पंधरा मिनिटं धरा. आज कोणतं काम, कोण करणार, किती वाजेपर्यंत, एवढंच बोला. हमालीचे वाद, उधारीच्या गोष्टी तिथं काढू नका.

आता बोलण्याचं. इथं आपण सीमेवरची माणसं जास्त घसरतो, कारण एका दुकानात तीन-चार भाषा चालतात. बी.कॉम. झाल्यावर मी एका दुकानात हिशेबाला होतो. शेठ दखनी बोलायचे. एकदा म्हणाले, ‘परसों भेजे सो माल का बिल चढा दो.’ मी परवाची बिलं काढली, त्यातलं एक आधीच चढलेलं होतं, ते पुन्हा चढवलं. शेठना म्हणायचं होतं दोन महिन्यांपूर्वीचं बिल! हैदराबादी बोलीत ‘परसों’ म्हणजे मागचा कोणताही दिवस. आपलं ‘परवा’ तर मागंही जातं आणि पुढंही. बोलणी मी खाल्ली, आणि खरं सांगायचं तर चूक निम्मी माझीही होती, तारीख विचारली नाही. तेव्हापासून माझा नियम: तारीख आकड्यात, रक्कम आकड्यात, आणि ऐकणाऱ्यानं ते उलट म्हणून दाखवायचं. ‘हौ’ म्हणजे समजलं, असं धरू नये. नव्या पोराला शेठसमोर ‘नाही समजलं’ म्हणायची लाज वाटते, तो हौच म्हणतो.

तिसरी गोष्ट माणसं घडवायची, आणि इथं रामय्यांचा कित्ता आपल्याला पुरत नाही, असं माझं मत. त्यांच्या शिकवणीत शिरायलाच परीक्षा असायची. तयार पोरं निवडून घेता यायची. दुकानाला ती चैन नाही. देगलूर-बिलोलीकडून जे पोरगं येतं, त्याच्यावरच काम भागवायचं असतं.

यावर हैदराबादलाच एक प्रयोग झालाय. 1964 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी इथल्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेबरोबर (आता ती युसूफगुड्याला आहे) काकीनाड्याच्या 52 लोकांना प्रशिक्षण दिलं. हिशेबाचं तंत्र शिकवण्यापेक्षा स्वतःचं उद्दिष्ट ठरवायला, ते झेपेल पण जरा अवघड असेल असं ठेवायला आणि निकाल स्वतः तपासायला शिकवलं. पुढं त्या लोकांच्या धंद्यात फरक दिसला. आपल्याकडं उलटं चालतं. पोरगं तीन वर्षं फक्त झाडलोट आणि बँकेत चेक टाकणं करतं, मग ‘त्याला काही येत नाही’ म्हणून आपणच तक्रार करतो. मग ते एक दिवस हैदराबादची गाडी पकडतं.

माझ्या ओळखीच्या एका खत-बियाण्याच्या दुकानदारानं हंगामाआधी पोराला एकाच कंपनीचा स्टॉक पूर्ण सोपवला. शनिवारी तो स्वतः मोजतो, फरक निघाला तर आधी तोच सांगतो. पहिल्या महिन्यात चार पोत्यांचा घोळ निघाला. मालक ओरडला नाही, नोंदवही मात्र दोघांनी मिळून तपासली. दुसऱ्या कंपनीचा स्टॉक त्यानं पोळ्यानंतर मागून घेतला.