मानवेलच्या बेटापाशी एक सकाळ

वडाळीच्या बांबू उद्यानात मुलांना न्यायचं तर पावसाळ्यात न्यावं. उन्हाळ्यात अमरावतीकर तिथं सावलीला जातात, ते बरोबरच आहे. पण बांबूला कोंब फुटतात ते पाऊस पडू लागल्यावर. श्रावणातल्या एका रविवारी सकाळीच आम्ही राजापेठेतून निघालो. आम्ही दोघं, भावाची मुलं आणि त्यांचे आबाजी. आबाजींनी उमेदीची वर्षं मेळघाटात जंगलाच्या कामावर काढलेली, त्यामुळे वाट दाखवायची ती त्यांनीच.

दुतर्फा बांबूच्या नाना जाती, हिरव्या, पिवळ्या, फुगीर पेरांच्या. मुलं पळत सुटली होती. आबाजींनी त्यांना मानवेलच्या एका बेटापाशी थांबवलं आणि तिथून आम्ही लवकर हललोच नाही.

"सांगा बरं, यातला सर्वात लहान कोनता?"

धाकटीनं सर्वात बारीक बांबू दाखवला.

"जाडीले नोका पाहू. अंगाले हात लावून पाहा."

बांबू हे गवत. कोंब जमिनीतून वर येतो तो आपली पुरती जाडी घेऊनच. पुढे तो फक्त उंच होतो, आणि तेही एका पावसाळ्यात उरकतं. म्हणून बारीक बांबू म्हातारा असू शकतो आणि मनगटाएवढा बांबू यंदाचा. वय कळतं ते अंगावरून. यंदाच्या बांबूला पेरापेरावर खोळ असते, तिची बारीक लव हाताला खाजते. खोळ गळली की हिरवं, गुळगुळीत अंग दिसतं. आणखी वर्षं गेली की ते निस्तेज होतं, त्यावर करडे डाग चढतात. मुलांनी एकेक बांबू चाचपला.

"आबाजी, मंग जुने मंधात कामून हायेत?"

दिवसभरातला सर्वात चांगला प्रश्न हा, थोरल्याचा. बांबूचं जमिनीतलं खोड बाहेरच्या बाजूला सरकत जातं, त्यामुळे नवे कोंब बेटाच्या कडेला येतात आणि जुने बांबू आत कोंडतात. तोडायचे असतात ते हेच आतले. कडेचे कोवळे हाताशी असतात म्हणून तेच तोडत गेलं तर बेट खचतं, कारण पुढच्या कोंबांना पोसणारे तेच. म्हणून जाणते तोडणारे बेटाची एक बाजू मोकळी करून आत शिरतात आणि बाकीची कड घोड्याच्या नालेसारखी उभी ठेवतात.

हे शेतकऱ्यांनाही कळायला हवं. २०१७ साली भारतीय वन अधिनियमातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, आणि वनाबाहेर, धुऱ्यावर लावलेला बांबू तोडायची वाट सोपी झाली. परवानगीची अडचण सरली, तरी कोणता बांबू तोडायचा हे ज्याचं त्यानंच ओळखायचं आहे.

मानवेल कित्येक दशकांतून एकदा सामूहिक फुलतो, बी धरतो आणि वाळून जातो, हेही आबाजींनी सांगितलं. धाकटीला ते पटेना, "फुलं आल्यावर कायले मरते?" म्हणून ती अडून बसली. थोरला तोवर पुढच्या बेटापाशी पोचला होता आणि तिथूनच ओरडत होता, "हा यंदाचा! हा मांगच्या वर्साचा!"