उमेदवारी : शिक्षण की स्वस्त मजुरी?



‘उमेदवार’ म्हटले की आज निवडणूक आठवते. परंतु आपल्या भाषेत या शब्दाला एक जुना, घामाचा अर्थ आहे. छापखान्यात, सोनाराच्या पेढीवर, वकिलाच्या कचेरीत मुले उमेदवारी करीत. हाती पैसा थोडा पडे, पण विद्या पदरात पडे. मुलाने कष्ट द्यावेत आणि उस्तादाने कसब द्यावे, असा तो सौदा होता. आज उस्तादाच्या जागी कंपनी आली आहे आणि मुलगा व कंपनी यांच्यामध्ये प्रशिक्षण-सल्लागार नावाचा मध्यस्थ उभा राहिला आहे. अशा वेळी तो सौदा पाळला जातो की नाही, हे पाहायचे कोणी? हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम मालकाची अडचण समजून घेऊ. १९५० साली सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली आणि तिच्यातून आय.टी.आय. उभ्या राहिल्या. तेथे फिटर-टर्नरच्या कामाचा पाया पक्का होतो. पण खरा हात बसतो तो चालत्या कारखान्यातच. मालक मात्र मनाशी म्हणतो, ‘मी दोन वर्षे पदरचे खर्चून या मुलाला शिकवणार आणि चार पैसे जास्त मिळताच तो समोरच्या कारखान्यात जाणार!’ समोरचा मालकही हाच हिशेब करतो. म्हणून शिकवायला कोणीच पुढे होत नाही आणि ‘कुशल माणूस मिळत नाही’ अशी तक्रार मात्र सगळेच करतात. ही गाठ एकट्या मालकाला सुटणारी नाही. ती सोडवायची तर सर्वांवर सारखेच बंधन हवे.

ते बंधन १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने घातले. १ मार्च १९६२ पासून तो अमलात आला. पुढे त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत. करार लेखी हवा व त्याची नोंद झाली पाहिजे. उमेदवाराला विद्यावेतन मिळते. त्याला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. या कायद्यातले एक कलम मला त्याचा आत्मा वाटते. उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादनाच्या बोनस-योजनेतही त्याला ओढता येत नाही. कारण उघड आहे. ज्याचे नग मोजले जातात तो यंत्र चालवतो, यंत्र शिकत नाही.

पण याच कायद्याचे अठरावे कलम सांगते की, उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत. तो खरोखर शिकत असेल तर हे वाजवीच आहे. विद्यार्थ्याला कामगाराचे नियम कशाला? पण शिकवणेच झाले नाही तर? संघटनेच्या कामात मला असे मुलगे भेटले आहेत की, जे वर्षभर एकाच ड्रिलिंग मशीनवर एकाच मापाची भोके पाडीत होते. कागदावर ते शिकाऊ, शॉपमध्ये पूर्ण पाळीचे कामगार. ना शाळेची विद्या, ना कामगाराचा पगार. हे पोर दोन्ही घरचे पाहुणे होऊन उपाशी राहते.

शिक्षण संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. तरीही १९९५ साली उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, बाकी पात्रता सारखी असेल तर बाहेरच्यापेक्षा तयार उमेदवाराला अग्रक्रम द्यावा. २०१४ च्या दुरुस्तीने तर उमेदवारांच्या भरतीचे धोरण प्रत्येक मालकाने ठरवावे असे कायद्यातच लिहिले.

आता सल्लागाराकडे वळू. कारखान्यात कोणत्या कामाला माणसे कमी आहेत ते तो पाहतो, त्याप्रमाणे शिक्षणसंस्थेशी अभ्यासक्रम जुळवतो, करार व नोंदी पुऱ्या करतो. काम उपयोगाचे आहे, त्याचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु त्याची फी बहुधा मालकाकडून किंवा सरकारी योजनेतून येते, आणि त्याचे यश मोजले जाते ते किती उमेदवार ‘भरले’ यावर. गाडीत किती माणसे चढली हे आपण मोजतो. मुक्कामाला किती पोहोचली, हे विचारीत नाही.

दुसरी रीतही आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९८० नंतरच्या दशकात कारखान्यांतल्या नोकऱ्या झपाट्याने गेल्या. १९९२ साली तेथील मालक व कामगार संघटना यांनी मिळून विस्कॉन्सिन प्रादेशिक प्रशिक्षण भागीदारी स्थापन केली. कारभारात दोन्ही बाजूंना स्थान होते. मालकाने नेमकी कोणती माणसे हवीत ते सांगावे आणि तेवढ्याच कामासाठी थोड्या आठवड्यांचे शिक्षण आखावे, अशी पद्धत ठेवली. पुढे या कामाची पारख झाली. अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून काहींना प्रवेश दिला, काहींना दिला नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, प्रवेश मिळालेल्यांची दोन वर्षांची मिळकत इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसली. म्हणजे येथे किती मुक्कामाला पोहोचले, हे कोणी तरी मोजले होते!

आपल्या शहरातील पालकांनी यातून काय घ्यावे? मुलाला कारखान्यात धाडण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. करार नोंदलेला आहे काय? कोणत्या महिन्यात कोणत्या यंत्रावर काय शिकवणार, ते लिहून देता काय? शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र आहे काय? आणि मागच्या तुकडीतील किती मुलांना येथेच किंवा अन्यत्र त्याच धंद्यात काम मिळाले? कारखान्यात संघटना असेल तर तिनेही ‘हे आमचे सभासद नव्हेत’ म्हणून तोंड फिरवू नये. आज स्वस्तात राबवलेला उमेदवार हाच उद्या कायम कामगाराची जागा खाणारा ठरतो, आणि नीट शिकवलेला उमेदवार हाच उद्याचा भक्कम सभासद होतो.

चांगला मालक या प्रश्नांनी रागावणार नाही. जो रागावेल, त्याचे उत्तर आपल्याला तेथेच मिळाले असे समजावे.