मदतीचा व्हिडीओ टाकला तरी टीका, नाही टाकला तरी टीका. सेलिब्रिटींवर लोक नेमके कशामुळे चिडतात?

उंद्री (जि. बुलढाणा) : एखादा अभिनेता गरजूंना मदत करतानाचा व्हिडीओ टाकतो. खाली पहिली कमेंट येते, 'देवमाणूस!' दुसरी येते, 'मग कॅमेरा कशाला नेला?' चिखली तालुक्यातल्या उंद्रीचा पार असो की मुंबईची लोकल, हा वाद सगळीकडे रंगतो. त्यामागचं कारण समजून घेऊ.

बोललं तरी अडचण, गप्प बसलं तरी अडचण

2020 च्या लॉकडाऊनमध्ये सोनू सूदने मजुरांना गावी पोहोचवलं. ट्विटरवर कौतुकाचा पूर आला. जूनमध्ये 'सामना'तून 'यामागे कोण?' असा सवालही झाला. सप्टेंबर 2021 मध्ये आयकर विभागाने झडती घेतली. त्याच्या संस्थेकडे जमलेल्या 18.94 कोटींपैकी सुमारे 1.9 कोटीच मदतकार्यावर खर्च झाले, असं विभागाने म्हटलं. प्रत्येक रुपया गरजूंसाठीच आहे, असं उत्तर त्याने दिलं.

अमिताभ बच्चन यांचं उलट झालं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'तुम्ही काय केलं?' असे टोमणे वाढले. शेवटी मे 2021 मध्ये त्यांनी ब्लॉगवर मदतीची यादीच दिली. 1,500 हून अधिक शेतकऱ्यांचं कर्ज फेडल्याचा उल्लेख त्यात होता. हे सांगताना संकोच वाटतो, असंही त्यांनी लिहिलं.

राग नेमका कशाचा?

येल विद्यापीठातल्या न्यूमन आणि केन या संशोधकांनी 2014 मध्ये एक निष्कर्ष मांडला. चांगल्या कामातून स्वतःचाही फायदा साधणाऱ्याला लोक निव्वळ धंदा करणाऱ्यापेक्षाही वाईट ठरवतात. म्हणजे मदत खरी असली, तरी प्रसिद्धीचा वास आला की मन खट्टू होतं.

तसं दात्याचं नाव झळकणं आपल्याला नवीन नाही. मंदिराच्या फरशीवर, शाळेच्या पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचं नाव असतं. पण त्या पंख्याखाली कोण बसलं, हे कुणी लिहीत नाही. व्हिडीओत मात्र घेणाऱ्याचा चेहराही येतो.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जास्त का टोचतो?

शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात बुलढाणाही होता. इथे मदत घेणारी अनेकदा नवरा गमावलेली बाई असते. धनादेश महिन्याभरात संपतो, व्हिडीओ वर्षानुवर्षं फिरतो. उद्या तोच तिच्या मुलाच्या वर्गमित्राच्या मोबाइलवर येऊ शकतो. मदतीची गरज असलेली व्यक्ती कॅमेऱ्याला 'नको' म्हणू शकेल का, हा खरा प्रश्न आहे.

मग सांगूच नये का?

तसंही नाही. आमिर खान आणि किरण राव यांच्या पाणी फाउंडेशनने 2016 मध्ये तीन तालुक्यांत वॉटर कप सुरू केला. 2018 मध्ये तो 75 तालुक्यांत पोहोचला. त्या वर्षी मोताळा तालुक्यातलं सिंदखेड राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या गावांत होतं. इथेही कॅमेरे होते, स्टार होता. पण पडद्यावर हात पसरणारी नव्हे, तर कुदळ-फावडं चालवणारी माणसं दिसली. ते पाहून दुसरी गावंही कामाला लागली.

दुसरीकडे, शेगावच्या गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी मोबदला न घेता राबतात, तेही नाव न झळकवता. दोन्ही वाटा चालतात.

शेअर करण्याआधी तीन गोष्टी पाहा

1. व्हिडीओत काम जास्त दिसतं की चेहरा? घेणाऱ्याची, विशेषतः लहान मुलांची, ओळख झाकली आहे का?

2. किती जमले, किती खर्च झाले, हे सांगितलं आहे का?

3. पैसे मागितले असतील तर संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का?

दात्याचा हेतू आपल्याला मोजता येत नाही. हिशेब मात्र मागता येतो. आणि रडणाऱ्या माणसाचा व्हिडीओ पुढे ढकलायचा की नाही, हे तर आपल्याच बोटावर आहे.