लाथ लांब हवी, त्याहून उंच हवी

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हा मूळ हिशेब. तीन प्रयत्न वाया गेले की चौथ्याला संघ बहुधा अजब शहाणपणा करतो : लाथ मारून चेंडू स्वतःहूनच समोरच्यांना देऊन टाकतो, फक्त जमेल तितका दूर. हाच पंट.

पंटर रांगेच्या पंधराएक यार्ड मागे उभा असतो. एक खेळाडू ओणवा होऊन दोन पायांमधून चेंडू त्याच्याकडे भिरकावतो. तो झेलायचा, हातात फिरवून नीट धरायचा, एक-दोन पावलं टाकत सोडायचा आणि जमिनीला टेकायच्या आत लाथाडायचा. हे सगळं दोनेक सेकंदांत, कारण धिप्पाड माणसं अंगावर धावून येत असतात.

खरी गंमत पुढे आहे. लाथ नुसतीच लांब गेली तर पंचाईत! चेंडू पुढे, आपली माणसं मागे आणि झेलणाऱ्यापुढे मोकळं रान. म्हणून चेंडू हवेत किती वेळ राहतो, याला अंतराइतकंच मोल. साडेचार सेकंद राहायचा तर तो पंचवीसेक मीटर, म्हणजे सात-आठ मजले, उंच चढावा लागतो. तेवढ्याच वेळात चपळ खेळाडू चाळीस यार्ड पळतो. त्यामुळे चेंडू खाली येतो तेव्हा दोन्ही कडांवरून सुटलेले ‘गनर’ झेलणाऱ्याच्या पुढ्यात हजर!

त्या झेलणाऱ्याची मला कीव येते. क्रिकेटमध्ये उंच उडालेला झेल घेताना निदान कुणी आडवं पाडायला येत नाही. इथे सुटका एकच : डोक्यावर हात हलवायचा. मग त्याला कुणी धक्का लावायचा नाही, पण त्यानेही पळायचं नाही.

लाथ बुटकी गेली तर काय होतं, हे १९ डिसेंबर २०१० रोजी न्यूयॉर्क जायंट्सना कळलं. फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध ३१-१० अशी आघाडी घालवून ते ३१-३१ वर आले होते, काही सेकंद उरले होते. पंटर मॅट डॉजला चेंडू मैदानाबाहेर मारायला सांगितलं होतं. चेंडू गेला सरळ ईगल्सच्या डिशॉन जॅक्सनकडे. जॅक्सनच्या हातून निसटला, त्याने उचलला आणि ६५ यार्ड धावत सुटला. शेवटी तर गोलरेषेपाशी पोचूनही तो पठ्ठ्या आत शिरेना. घड्याळातली वेळ संपावी म्हणून रेषेला समांतर पळत राहिला! ईगल्स ३८-३१ ने जिंकले.

तरीही या कसबाची कदर व्हायला फार उशीर झाला. या खेळातल्या दिग्गजांचं कॅंटनचं हॉल ऑफ फेम १९६३ साली उघडलं. निव्वळ पंटर म्हणून तिथे पहिली जागा मिळाली ती रे गायला, २०१४ मध्ये. किक परतवण्यातच नाव कमावलेल्या डेव्हिन हेस्टरला तर २०२४ उजाडावं लागलं.