स्वप्नाची उचल

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण आपल्या घरात सकाळच्या वेळी कुणीतरी कुणाला तरी ऐकवीत असतेच. परीक्षेच्या दिवसांत मुलाला नापास झाल्याचे स्वप्न पडते, आजीला केव्हाच वारलेली बहीण दारात उभी दिसते आणि चहाचा कप खाली ठेवीपर्यंत त्या स्वप्नांचा निकालही लागून जातो. व्हिएन्नाच्या फ्रॉइडने १९०० साल छापलेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात स्वप्नांचा अर्थ लावण्याचा जो खटाटोप केला, त्यातले निम्मे तरी आपल्या आजीबाईंनी पाच शब्दांत सांगून ठेवले आहे, असे मी वर्गात गमतीने म्हणतो. पण या म्हणीत एका गोष्टीचे उत्तर नाही. स्वप्नी दिसले ते दिसले. जागे झाल्यावर त्याचे करायचे काय?

हरिश्चंद्राच्या कथेत आपल्या लोकांनी याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ज्याच्यावर चित्रपट काढला, तोच हा राजा. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत तो स्वप्नात विश्वामित्राला राज्य दान करतो आणि सकाळी उठून ते खरोखरच देऊन टाकतो. ही कथा सांगत असताना एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, स्वप्नातलं वचन पाळायचं म्हटलं तर झोपायचीच चोरी!" वर्ग हसला, मीही हसलो. पण कथेची गोम नेमकी तेथेच आहे. त्या वचनाला साक्षीदार नव्हता, कागद नव्हता. ते मोडले असते तर जगाला कळलेही नसते. सदसद्विवेकाची परीक्षा होते ती अशाच ठिकाणी.

कलावंतांचे मात्र थोडे वेगळे असते. स्वप्न म्हटले की त्यांना फुकट सापडलेले धन आठवते. इंग्रज कवी कोलरिज याने आपल्या 'कुब्ला खान' या कवितेची हकीकत अशीच सांगितली आहे. झोपेत त्याला दोन-तीनशे ओळींची कविता आयती सुचली. जागा होऊन तो लिहू लागला, तोच कामानिमित्त कोणी गृहस्थ आला आणि तासाभराने परत येऊन पाहतो तो उरलेली कविता विरून गेलेली! १८१६ साली ती छापली गेली, तेव्हा तिच्या ओळी भरल्या अवघ्या ५४. जगभरच्या कवींनी त्या आगंतुकाला तेव्हापासून बोल लावला आहे.

मराठी कवितेतले सर्वांत प्रसिद्ध स्वप्न देहूला पडले. त्याची तऱ्हा अगदी निराळी आहे. नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि शतकोटी अभंगांचा आपला अपुरा राहिलेला संकल्प पुरा करायला त्यांनी सांगितले. वाचकहो, लक्षात घ्या, ओळ एकही दिली नाही! दिले ते काम. कोलरिजला स्वप्नात कविता मिळाली. तुकोबांच्या डोक्यावर दुसऱ्याचे देणे चढले.

आणि देणे म्हणजे काय, हे तुकोबांना चांगले ठाऊक होते. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नान्न करून गेली. वाडवडिलांच्या सावकारीची खते घरात होती. महीपतीने सांगितलेल्या चरित्रात तुकोबांनी त्या खतांच्या वाटण्या केल्या. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत सोडली. या प्रसंगातले औदार्य आपण नेहमी वाखाणतो. मला त्यातला हिशेब अधिक मोलाचा वाटतो. सगळीच खते बुडवली असती तर गोष्ट अधिक रंगली असती. पण भावाचा वाटा बुडवून स्वतः पुण्य जोडायचे, हे त्या माणसाच्या मनाला पटणारे नव्हते.

कोल्हापुरात बहिणाबाईंना पडलेले स्वप्नही असेच महागात पडले. ज्यांना कधी पाहिलेही नव्हते त्या तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानले म्हणून नवरा संतापला, मारहाण झाली. स्वप्नच ते, असे म्हणून तिने हात झटकले असते तर घरात शांतता नांदली असती. तिने ते केले नाही आणि पुढे स्वतःच्या संसाराची सारी कथा आपल्याच अभंगांत सांगितली. तिचे दुःख, तिचाच अधिकार.

मी शिकवतो त्या अंबाजोगाईत दासोपंतांची समाधी आहे. १६१५ साली दासोपंत येथेच वारले. त्यांची पासोडी येथे जपून ठेवली आहे : सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरणाचा विषय ओव्यांत आणि आकृत्यांत मांडलेला. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. दृष्टांताच्या कथा दासोपंतांच्याही चरित्रात आहेत. पण ते कापड भरले ते जागेपणी, वितीवितीने.

आमच्या बीड जिल्ह्यात या व्यवहाराला एक चपखल शब्द आहे : उचल. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथली हजारो कुटुंबे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ रक्कम घ्यायची ती उचल. मग सगळा हंगाम मोळ्या बांधून ती फेडायची. रक्कम हाती पडते त्या दिवशी घरात आनंद असतो. खरा हिशेब पुढे फडात होतो. तुकोबांचे स्वप्न मला असे उचलीसारखे वाटते.

याची आठवण ठेवण्याची पाळी मध्यंतरी माझ्यावरच आली. आमच्या वार्षिकासाठी एका विद्यार्थिनीने आपल्या आईवर, एका हंगामावर, निबंध दिला. इतके अस्सल मराठी गद्य माझ्या हाती फार वर्षांत आले नव्हते. मी आनंदाने तिला तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी ती दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, हे छापू नका. मायला वाचता येत नाही, पण लोकाला येतं."

एक लेखकमित्र ऐकून म्हणाले, "अहो, नावगाव बदला आणि तुम्हीच कथा लिहा. कोण ओळखतंय? सगळ्याच लेखकांनी परवानगी मागायची ठरवली, तर साहित्य उरेल का?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. लेखक दुसऱ्यांच्या आयुष्यावरच जगतो. कथेचा आराखडाही माझ्या मनात तयार होऊ लागला होता.

त्या रात्री स्वप्नात मी उसाच्या फडात उभा होतो. समोर उसाऐवजी कागदांची मोळी. ती उचलून डोक्यावर घ्यायला मी वाकलो, तोच मुकादमाने विचारले, "मास्तर, उचल कुणाच्या नावावर हाय?" मला उत्तर देता येईना.

मनी वसे तेच स्वप्नी दिसले, यात चमत्कार काहीच नाही. पण जागा झालो तेव्हा प्रश्न सुटलेला होता. कल्पना करून लिहिणे हा लेखकाचा हक्क आहे; विश्वासाने हाती दिलेला कागद वापरणे हा नव्हे. ते कान्होबाच्या वाट्याचे खत. सकाळी मी निबंध तिला परत दिला. त्यात काय होते, ते येथेही सांगणार नाही.

आपण हा अंक वाचीत असाल तेव्हा आमच्याकडचे ट्रक आणि ट्रॅक्टर कारखान्यांच्या वाटेला लागलेले असतील. ती मुलगी मात्र यंदा गावीच आहे, धाकट्या भावंडांना सांभाळून शिकते आहे. कागदाची घडी पिशवीत ठेवताना तिने मला एवढेच सांगितले, "लिहीन सर. माय हो म्हणली की सगळं लिहीन."